भाजीपाला, फळे आणि उलटणारे दुखणे



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, किरणोपचार संपले. आता ठरावीक मुदतीने तपासणीला जायचे आणि निकाल हाती येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचे, एवढेच उरले. औषध कोणते हे डॉक्टर ठरवतात, तपासणी केव्हा हे पुष्कळदा विमा कंपनी ठरवते. स्वतःच्या हाती राहते ते फक्त ताट. म्हणून रुग्ण विचारतो, आणि त्याहून अधिक वेळा रुग्णाच्या घरची माणसे विचारतात: भरपूर भाज्या आणि फळे खाल्ली तर कर्करोग उलटत नाही, हे खरे काय?

उत्तर आरंभीच सांगतो, कारण ज्यांना त्याची निकड आहे त्यांनी लेखाच्या शेवटापर्यंत ताटकळत राहू नये. भाज्या आणि फळे अवश्य खावीत. परंतु पुरेशा आहारावर आणखी भाज्या-फळांची भर घातल्याने कर्करोगाचे परतणे टळते, असे आजवरच्या मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. काही वाचकांना हे वाचून खिन्नता येईल. आम्हांला मात्र या उत्तरात दिलासाही दिसतो, आणि तो कोणता हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मुळात ही आशा निराधार नव्हती. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत देशोदेशींच्या संशोधकांनी हजारो लोकांना त्यांच्या खाण्यापिण्याविषयी विचारून नोंदी केल्या, तेव्हा भाज्या-फळे अधिक खाणाऱ्यांत अनेक प्रकारचे कर्करोग कमी आढळले. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात रोज पाच वेळा भाजी-फळे खाण्याची मोहीम निघाली आणि १९९१ पासून ती अमेरिकाभर पसरली. १९९७ मध्ये 'वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड' या संस्थेच्या तज्ज्ञांनी काही कर्करोगांच्या बाबतीत हा पुरावा खात्रीचा असल्याचे जाहीर केले. दहाच वर्षांनी, २००७ च्या अहवालात, त्याच संस्थेने ही भाषा सौम्य करून 'खात्रीचा' याऐवजी 'संभाव्य' असा शब्द वापरला. मधल्या काळात भाजी वाईट ठरली नव्हती. हिशेब अधिक काटेकोर झाला होता. जो मनुष्य रोज नेमाने भाजी-फळे खातो तो बहुधा सिगारेट कमी ओढतो, दारू कमी पितो, पायी फिरतो, वेळेवर डॉक्टरकडे जातो आणि त्याच्या खिशात ताजी फळे विकत घेण्याइतका पैसाही असतो. मग त्याचे आरोग्य भाजीने राखले की या बाकीच्या गोष्टींनी? नुसत्या नोंदींवरून हे सांगता येत नाही. शिवाय त्या बहुतेक नोंदी कर्करोग पहिल्यांदा होण्याविषयीच्या होत्या. एकदा होऊन गेलेला रोग परत येणे ही निराळी गोष्ट आहे. तेथे मूळ गाठीतून सुटलेल्या काही पेशी शरीरात अन्यत्र आधीच दडून बसलेल्या असू शकतात. त्यांना आपल्या सकाळच्या फलाहाराशी फारसे कर्तव्य असेलच असे नाही.

या गुंत्यातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे लोकांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गट पाडणे, एका गटाचा आहार खरोखर बदलणे आणि मग वर्षानुवर्षे दोन्ही गटांवर लक्ष ठेवणे. हे काम सोपे नाही, स्वस्त तर नाहीच. पण ते झाले, आणि आपल्या या अमेरिकेतच झाले. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली १९९५ ते २००० या काळात ३०८८ स्त्रिया एका चाचणीत सहभागी झाल्या. 'व्हेल' या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. या सर्व स्त्रियांना स्तनाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत होऊन गेला होता आणि त्यांचे मुख्य उपचार आटोपले होते. १५३७ जणींना जो आहार नेमून दिला तो ऐकूनच आपल्या घरातील स्वयंपाक करणाऱ्यांना घाम फुटेल: रोज पाच मापे भाजी, वर जवळजवळ अर्धा लिटर भाज्यांचा रस, तीन मापे फळे, ३० ग्रॅम तंतू, आणि स्निग्ध पदार्थ एकूण उष्मांकांच्या १५ ते २० टक्क्यांपर्यंतच. एक माप म्हणजे साधारण एक लहान वाटी शिजलेली भाजी. उरलेल्या १५५१ जणींना रोज पाच वेळा भाजी-फळे खाण्याचा नेहमीचा सल्ला छापील स्वरूपात दिला गेला.

अशा चाचण्यांवर नेहमीची शंका ही की लोक सांगतात एक आणि खातात दुसरेच. येथे तसे झाले नाही. पहिल्या गटाला दूरध्वनीवरून सल्लागारांचा सतत आधार होता, स्वयंपाकाचे वर्ग घेतले गेले, आणि त्या स्त्रियांनी चार वर्षांनंतरही दुसऱ्या गटापेक्षा ६५ टक्के अधिक भाज्या, २५ टक्के अधिक फळे आणि ३० टक्के अधिक तंतू खाल्ले. भाज्यांतील रंगद्रव्यांचे, म्हणजे कॅरोटिनॉइडांचे, त्यांच्या रक्तातील वाढलेले प्रमाणही त्याची साक्ष देत होते. एवढी निष्ठा आम्ही तरी पथ्याच्या बाबतीत फार थोड्या घरांत पाहिली आहे.

सरासरी सात वर्षांहून अधिक काळ या सर्वजणींवर लक्ष ठेवले गेले. २००७ च्या जुलैमध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. भाज्या-फळांच्या गटात २५६ जणींना, म्हणजे १६.७ टक्के स्त्रियांना, स्तनाचा कर्करोग परत किंवा नव्याने झाला. दुसऱ्या गटात २६२ जणींना, म्हणजे १६.९ टक्के. मृत्यूंचे प्रमाण १०.१ आणि १०.३ टक्के. दोन्ही ओळी एकमेकींवर ठेवल्या तर वेगळ्या दिसू नयेत इतक्या सारख्या.

या आकड्यांचा अर्थ लावताना घाई करू नये, असे आम्हांला वाटते. या स्त्रिया चाचणीत येण्यापूर्वीच दिवसाकाठी सरासरी सात मापे भाजी-फळे खात होत्या. त्यामुळे चाचणीने एवढेच सांगितले की पुरेसे खाणाऱ्यांनी ते जवळपास दीडपट केले तरी रोगाच्या परतण्यात फरक पडला नाही. जो मनुष्य आठवड्यातून एकदा बटाट्याची भाजी खातो आणि बाकी दिवस पावावर काढतो, त्याच्याविषयी ही चाचणी काही बोलत नाही. तसेच, याच प्रकल्पातील साध्या सल्ल्याच्या गटातल्या १४९० स्त्रियांच्या नोंदी वेगळ्या काढून पाहिल्या तेव्हा असे दिसले की ज्या पाच किंवा अधिक वेळा भाजी-फळे खात होत्या आणि शिवाय आठवड्यातून सहा दिवस अर्धा तास झपझप चालण्याइतका व्यायामही करत होत्या, त्यांच्यात मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्मे होते. नुसती भाजी किंवा नुसते चालणे यांनी तसे घडले नव्हते. हा शेवटी नोंदींवरचा हिशेब आहे, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीइतके वजन त्याला नाही. तरी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

इतर रोगांविषयी थोडक्यात. मोठ्या आतड्यातील कर्करोगाची सुरुवात ज्या मांसांकुरांपासून होते ते एकदा काढून टाकलेल्या २०७९ लोकांवर चार वर्षे अशीच चाचणी झाली. निष्कर्ष २००० साली आले. भाज्या-फळे-तंतू भरपूर आणि स्निग्ध पदार्थ कमी खाणाऱ्यांत ३९.७ टक्के, नेहमीचे खाणाऱ्यांत ३९.५ टक्के लोकांना मांसांकुर पुन्हा झाले. प्रोस्टेटचा सौम्य कर्करोग असलेल्या ४७८ पुरुषांना भाज्या वाढवायला लावणाऱ्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. दोन वर्षांत रोगाची वाढ रोखण्यात त्याचाही उपयोग दिसला नाही.

आता दिलाशाविषयी. ज्या स्त्रीचा रोग उलटतो तिच्याभोवती एक न बोललेला आरोप घोंघावत असतो. भारतातून आत्याचा फोन येतो, "तरी सांगत होते, मटण-मासळी सोड, सात्त्विक खा." शेजारीण रस काढण्याचे यंत्र आणून देते. नवरा प्रेमानेच विचारतो, पण विचारतो की सकाळचा गाजराचा रस चुकला होता का. आणि ती स्वतः रात्री जागून मागील वर्षभराच्या जेवणांचा ताळा मांडत बसते. त्या ताळ्यातून काहीही निष्पन्न होणार नाही, हे या आकड्यांनी स्पष्ट केले आहे. अत्यंत निष्ठेने, अर्धा लिटर रस पिऊन, पथ्य पाळणाऱ्या स्त्रियांतही रोग तितक्याच जणींना परतला. त्यांनी काही चुकवले नव्हते. हे वाक्य ज्या घरात रुग्ण आहे त्या घरात मोठ्याने वाचले जावे, अशी आमची विनंती आहे.

आपल्या समाजाच्या बाबतीत या आरोपाला आणखी एक जुनी किनार आहे. 'सात्त्विक' या शब्दात पोषणशास्त्र नसते. तेथे शुद्ध-अशुद्धाची उतरंड असते, आणि त्या उतरंडीत आपल्या आजी-आजोबांचे ताट कोठे ठेवले होते हे आपण विसरलेलो नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम शोधताना खाण्याच्या या राजकारणाचा माग काढला, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये आजचे दुःख मागील जन्मीच्या कर्माच्या माथी मारणारा विचार नाकारला. कर्करोगाच्या खाटेशेजारी हे दोन्ही विचार नव्या वेषात उभे राहतात. ज्यांना करुणेपोटी वा आवडीने शाकाहार करावयाचा असेल त्यांनी तो जरूर करावा. आमच्यापैकी काहीजण करतात. पण केमोथेरपीने शरीर खंगत असताना अंडी, मासळी, कोंबडी यांवर बंदी घालणे हा उपचार नव्हे. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कर्करोगाच्या रुग्णाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमहून अधिक आणि जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला म्हणजे ६० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात. वरण, मूग, हरभरा, दही, सोयाबीन यांतून ही बेरीज होऊ शकते, पण ती कागदावर मांडून पाहावी लागते. नुसत्या फळांच्या रसावर ती होत नाही.

मांसाहाराची बाजू घेताना एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. हॉट डॉग, बेकन, सलामी यांसारखे खारवून-धुरवून टिकवलेले मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये निश्चित कर्करोगकारक वर्गात टाकले आहे. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज. आणि आतड्याच्या कर्करोगावर उपचार झालेल्या १००९ रुग्णांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लाल मांस, टिकवलेले मांस, मैदा, तळलेले बटाटे आणि गोड पदार्थ यांचा भडिमार सर्वाधिक असणाऱ्यांत रोग परतण्याचे वा मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी असणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. भाज्या-फळे-मासळी यांचा आहार मात्र त्याच अभ्यासात स्पष्ट फरक पाडताना दिसला नाही. ताटात काय वाढवले यापेक्षा काय कमी केले याला येथे अधिक महत्त्व असावे, असा आमचा कयास. आपली मुले शाळेत जे खातात ते पाहता ही गोष्ट रुग्णापुरती मर्यादित ठेवू नये.

मग रोग परतू नये म्हणून खरोखर उपयोगी काय? पहिले उत्तर कंटाळवाणे आहे: लिहून दिलेली गोळी. संप्रेरकांवर पोसल्या जाणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने त्या रोगाने होणारे मृत्यू पुढील पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने घटतात. कोणत्याही भाजीने हे केलेले नाही. तरी अंगाला दरदरून घाम येतो, सांधे दुखतात, मन उदास होते म्हणून ही किंवा या वर्गातली दुसरी गोळी गुपचूप बंद करणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्यांतील काहीजणी मनाची समजूत घालतात की आपण आता आहार उत्तम ठेवला आहे. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. औषध बदलता येते, त्रासावर उपाय असतात. रूढ उपचार नाकारून केवळ पर्यायी मार्ग धरणाऱ्या २८१ अमेरिकी रुग्णांचा येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेला हिशेब भयावह आहे. एकूण मृत्यूचा धोका अडीच पट, आणि स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून अधिक.

दुसरे उत्तर चालणे. २०२५ च्या जूनमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिचा मुख्य भाग कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात झाला. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीनंतर एका गटाला तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम करविला, दुसऱ्याला आरोग्यविषयक पुस्तिका दिली. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेले पहिल्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्यात ७३.९. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ आणि ८३.२ टक्के. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी आहे, म्हणून तिचे मोल मोठे. व्यायाम तरी काय, नेहमीच्या हालचालींवर आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास झपझप चालण्याइतका. आपल्या घरातील आजारी माणसाला आपण मायेने बसवून ठेवतो, पाण्याचा पेलाही हातात देतो. ही माया थोडी आवरती घेण्याची वेळ आली आहे. हाडांत रोग पसरलेला असेल, हृदय अशक्त असेल, तर अर्थातच आधी डॉक्टरांना विचारावे.

वजनाचाही प्रश्न आहे. २४३७ स्त्रियांवरील एका चाचणीत स्निग्ध पदार्थ कमी करणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग ९.८ टक्के जणींना आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के जणींना उलटला. त्या गटाचे वजनही सुमारे पावणेतीन किलोंनी कमी झाले होते. 'व्हेल' मध्ये वजन उतरले नव्हते. दोहोंतला फरक त्यामुळे असावा, असे काही संशोधक मानतात. तंबाखू, मिश्री, सुपारी आणि दारू यांविषयी नव्याने सांगण्यासारखे काही नाही. चारही कर्करोगकारक ठरलेल्या आहेत, आणि पंचशील घेणाऱ्या घरांत चौथीवर वेगळे प्रवचन नको.

गोळ्या-भुकट्यांविषयी मात्र सांगितलेच पाहिजे, कारण येथील दुकानांत त्यांच्या रांगाच्या रांगा असतात. भाजीतले सत्त्व काढून गोळीत भरले की भाजीचा गुण मिळतो, हा समज फिनलंडमध्ये तपासला गेला. २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक झाला. हा निष्कर्ष १९९४ चा. अमेरिकेतील तशीच चाचणी १९९६ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण तेथे वाढ २८ टक्के होती. हळदीचेही तेच. आमटीतील चिमूटभर हळदीला भिण्याचे कारण नाही. हळदीच्या तीव्र मात्रेच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या घटना मात्र येथील डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. आणि चकोतऱ्यासारखे साधे फळसुद्धा काही कर्करोगाच्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते. म्हणून काय घेता, काय पिता, काढे कोणते, हे सर्व डॉक्टरांना कागदावर लिहून द्यावे. संकोच करू नये. त्यांना न सांगितलेली वस्तूच घातक ठरते.

एवढे सगळे वाचून कोणी भाजी खाणे सोडील अशी भीती आम्हांला नाही. भाजी-फळांनी हृदयाला, रक्तदाबाला, पोटाला लाभ होतो, आणि कर्करोगातून बरे झालेल्या पुष्कळांचा पुढे हृदयविकाराशी सामना असतो. तेव्हा ताट अर्धे भाजी-फळांनी भरावे, पण ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखे तपासू नये. पांढऱ्या पेशी उतरल्या असतील त्या दिवसांत कच्चे पदार्थ नीट धुवावे, किंवा शिजवूनच द्यावे. महागडे ब्लूबेरी आणि केल यांच्यामागे धावण्याचे कारण नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग घरांच्या स्वयंपाकाची जी नोंद आहे ती वाचल्यास गरिबीतही रानातल्या पालेभाज्यांनी ताट कसे सावरले हे कळते. त्यांतल्या काही येथेही मिळतात. अंबाडी तेलुगू मंडळींच्या दुकानात गोंगुरा या नावाने असते. तांदुळज्याची जवळची बहीण चिनी बाजारात सापडते. घोळ तर मेक्सिकन दुकानात 'व्हर्दोलागास' म्हणून विकतात आणि अनेकांच्या अंगणात तण म्हणून उगवते. फवारणी झालेल्या जागेची तेवढी घेऊ नये.

टॅमॉक्सिफेन आणि तत्सम गोळ्यांनी होणारी सांधेदुखी, घाम आणि हाडांची झीज यांवरील उपायांविषयी अनेक भगिनींनी विचारले आहे. तो विषय पुढील अंकात घेऊ.